जाळापाशी उभा राहणारा मुलगा

‘मुलगा नऊ वर्षांचा. सासरे भाताची रोपं करायच्या जमिनीवर राब भाजायला लागले की तहानभूक विसरून तिथेच उभा राहतो. परवा त्याने गोठ्यामागे एकट्यानेच पातेरा पेटवला. शेजारी पेंढ्याची उडवी होती. ह्यांनी त्याला खूप मारलं, तेव्हापासून तो गप्पच आहे. त्याच्या डोक्यात काही बिघाड तर नसेल?’
— एक आई, माणगाव तालुका

ताई, उडवीचं वाचून माझ्याही पोटात गोळा आला. पण एवढ्यावरून बिघाड म्हणू नका. या वयात जाळाची ओढ पुष्कळ मुलांना असते. शिवाय शेण, तोडलेल्या डहाळ्यांची कवळं, वाळका पातेरा, गवत रचून घरातली सगळी जाळ लावतात आणि त्यालाच तेवढं ‘लांब हो’ म्हणतात.

मारल्याने तो पुढच्या वेळी आणखी आडोसा शोधेल, मला भीती त्याचीच वाटते.

त्याला आजोबांच्या हाताखाली द्या. काडी आजोबांचीच ओढायची. पण राबाभोवतीचा पातेरा झाडणं, पाण्याचा हंडा भरून ठेवणं, ओला डहाळा घेऊन आजोबांच्या बाजूला, जाळापासून लांब उभं राहणं ही कामं त्याची. चिमूटभर माती सोडून वारा कुठला ते त्याला बघू द्या. वारा सुटला असेल तर ‘आज भाजायचं नाही’ हे आजोबांनीच त्याला सांगावं. अंगात सुती कपडे हवेत, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

विझलेल्या राबाबद्दल मात्र मुद्दाम सांगा. वरून राख दिसते, खाली शेणाचा विस्तव धुमसत असतो. लहानपणी मी त्यात अनवाणी पाय घातला होता, टाचेवरचा व्रण अजून आहे. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद लावू नका, लगेच दवाखाना गाठा.

काडेपेटी त्याचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. एवढं करूनही तो चोरून पेटवत राहिला, रागाच्या भरात पेटवू लागला किंवा मुक्या जनावरांना इजा करू लागला, तर थांबू नका. बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

आणि आज रात्री यजमानांना त्याच्याजवळ बसायला सांगा. ‘उडवी पेटली असती म्हणून घाबरलो होतो, मारलं ते चुकलं,’ एवढं त्यांच्याच तोंडून त्याला ऐकू दे.