कोणते कार्ड आधी?

सप्रेम आशीर्वाद.

अमेरिकेत नोकरीला लागून तुला दीड वर्ष झाले, क्रेडिट स्कोअर साडेसातशेच्या वर गेला, आणि आता प्रवासासाठी एखादे मोठे कार्ड घ्यावे असे तुझ्या मनात आहे. त्यात वावगे काही नाही. तू पाठवलेल्या यादीत चेस सफायर रिझर्व्ह, अमेरिकन एक्सप्रेस प्लॅटिनम आणि कॅपिटल वन व्हेंचर एक्स अशी तीन नावे आहेत, आणि यांपैकी सर्वांत मोठा बोनस (नव्या कार्डावर ठरावीक मुदतीत ठरावीक खर्च केल्यास एकदम मिळणारे पॉइंट) कोणाचा, असे तू विचारले आहेस. मला हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. बोनसाचे आकडे वर्षभर वर-खाली होत असतात. आज हात आखडता घेणारी बँक चार महिन्यांनी सढळ होते. तुझी पात्रता मात्र एकदा वापरली गेली की काही ठिकाणी अनेक वर्षे आणि काही ठिकाणी बहुधा कायमची संपते, त्यामुळे कोणते कार्ड आधी आणि कोणते नंतर, हे ठरवल्याशिवाय पॉइंटांची तुलना करून हाती फारसे काही लागणार नाही.

पात्रतेच्या या अटी कशा आल्या हे थोडे सांगते. ऑगस्ट 2016 मध्ये सफायर रिझर्व्ह बाजारात आले तेव्हा तीन महिन्यांत 4,000 डॉलर खर्च करणाऱ्याला 1,00,000 पॉइंट मिळत होते आणि वार्षिक शुल्क 450 डॉलर होते. अर्जांची अशी झुंबड उडाली की कार्डे बनवायला धातू पुरेना आणि काही ग्राहकांना तात्पुरती प्लास्टिकची कार्डे पाठवावी लागली. त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत या कार्डामुळे नफा 20 ते 30 कोटी डॉलरने घटेल, असे बँकेच्या प्रमुखांनीच जाहीर केले, आणि जानेवारी 2017 मध्ये बोनस निम्म्यावर आला. बोनस घ्यायचा, वर्ष भरले की कार्ड परत करायचे आणि पुन्हा अर्ज करायचा, हा काही लोकांचा जोडधंदाच होऊन बसला होता. आजच्या अटी त्या मंडळींसाठी लिहिलेल्या आहेत, पण त्या लागू तुलाही होतात.

त्यांतील सर्वांत महत्त्वाची अट चेसने कधी छापून जाहीर केलेली नाही. साधारण 2015 पासून ती ‘पाच-चोवीस’ या नावाने ओळखली जाते: मागील 24 महिन्यांत कोणत्याही बँकेची मिळून पाच किंवा अधिक नवी कार्डे तुझ्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुझ्या कर्ज-कार्डांच्या नोंदवहीत, दिसत असतील, तर स्कोअर कितीही चांगला असला तरी चेस सहसा अर्ज नाकारते. तुझ्या भावाने तुला ऑथराइज्ड युजर म्हणून स्वतःच्या कार्डावर जोडून घेतले आहे, ते खातेही या मोजणीत धरले जाते, आणि कपड्यांच्या दुकानात सवलतीच्या मोहाने घेतलेले कार्डही धरले जाऊ शकते. इतर बँका तुझ्या चेसच्या कार्डांकडे अशा नजरेने पाहत नाहीत. तेव्हा चेसचे कार्ड हवे असेल तर ते आधी घ्यावे, कारण बाकीच्यांची कार्डे घेत घेत पाचाचा आकडा गाठलास तर ते दार दोन वर्षांपर्यंत बंद राहू शकते.

अमेरिकन एक्सप्रेसची रीत निराळी आहे. तिथे एका कार्डाचा वेलकम बोनस आयुष्यात एकदाच, असा नियम आहे, आणि 2023 पासून त्यात कार्डांच्या ‘कुटुंबा’चीही भर पडली आहे: प्लॅटिनम ज्याच्याकडे आहे किंवा पूर्वी होते, त्याला त्याच घराण्यातील गोल्ड कार्डाचा बोनस नाकारला जाऊ शकतो. उलट दिशेने, म्हणजे आधी गोल्ड आणि मग प्लॅटिनम असे गेल्यास, दोन्ही बोनस मिळण्याची वाट मोकळी राहते. थोडक्यात, या बँकेत लहान पायरी आधी चढावी. अर्ज भरताना ‘तुम्ही या बोनसास पात्र नाही’ अशी सूचना पडद्यावर आली तर तिथेच थांबावे. ती रिपोर्ट मागवण्याआधी येते, त्यामुळे मागे फिरल्याने स्कोअरला धक्का लागत नाही.

कॅपिटल वन मात्र एका अर्जासाठी एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांकडून रिपोर्ट मागवते, आणि अशी प्रत्येक चौकशी दोन वर्षे नोंदीत राहते. त्यांच्या संकेतस्थळावर स्कोअरला हात न लावता पूर्वमंजुरी तपासता येते, ती आधी तपासून घे.

आता हिशेबाकडे येऊ. सफायर रिझर्व्हचे शुल्क 2025 मध्ये 795 डॉलर झाले आणि प्लॅटिनमचे 895. व्हेंचर एक्सचे 2021 पासून 395 आहे. एवढ्या शुल्काच्या बदल्यात बँका परताव्यांची लांबलचक यादी दाखवतात, पण त्या यादीची बेरीज करून ‘दीड हजाराची किंमत वसूल’ असे म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. प्लॅटिनमवर उबरसाठी वर्षाला 200 डॉलर मिळतात असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात ते दरमहा 15 आणि डिसेंबरात 35 असे येतात, आणि महिना संपला की न वापरलेले पैसे बुडतात. तू कंपनीच्या बसने जातेस. मग तुझ्या दृष्टीने त्या 200 ची किंमत किती? जो खर्च तू कार्ड नसतानाही केलाच असतास, तेवढाच परतावा रोख समजावा आणि बाकीचा शून्य धरावा. या कसोटीवर रिझर्व्ह आणि व्हेंचर एक्स यांचा 300 डॉलरचा प्रवास परतावा बऱ्यापैकी उतरतो, कारण तू वर्षातून एकदा तरी घरी जाणारच. फक्त व्हेंचर एक्सचा परतावा त्यांच्याच संकेतस्थळावरून तिकीट काढल्यास मिळतो, एवढे ध्यानात असू दे.

पॉइंटांचेही तसेच आहे. चेसचे 1,00,000 पॉइंट रोख घेतल्यास 1,000 डॉलर होतात. अमेरिकन एक्सप्रेसचे तेवढेच पॉइंट बिलात वळते केले तर 600 डॉलरच पदरात पडतात. विमान कंपनीकडे वळवून महागडे तिकीट काढल्यास किंमत कितीतरी वाढते हे खरे, पण ते तिकीट तू रोख पैसे मोजून कधी काढले असतेस का, हे स्वतःला विचार. मी पहिली तुलना नेहमी रोख भावाने करते आणि वरचा लाभ मिळाला तर आनंदाने घेते.

किमान खर्चाच्या अटीबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. तुझा कार्डावरचा खर्च महिन्याला 1,200 डॉलरच्या आसपास आहे असे तू लिहितेस, म्हणजे तीन महिन्यांत 3,600. अट 4,000 ची असेल तर वर्षाचा कारविमा एकदम भरून ती सहज पुरी होईल. अट 6,000 ची असेल तर उरलेले 2,400 कुठून आणायचे, याचे उत्तर अर्जाआधी हवे. कार्डावर घरभाडे भरायचे तर बहुधा तीन टक्क्यांच्या आसपास अधिभार पडतो. नको असलेल्या वस्तू घेऊन ती अट गाठणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. आणि बिल थकवून गाठणे तर त्याहून वाईट, कारण या कार्डांचे व्याज 20 टक्क्यांच्या वर असते. 21 टक्क्यांनी 4,000 डॉलर वर्षभर थकले तर 840 डॉलर व्याजातच जातात. दरमहा पूर्ण बिल भरण्याची सवय मोडणार असेल, तर हे पत्र इथेच मिटवून ठेव.

माझी एक चूक सांगते. पहिल्या मोठ्या कार्डाच्या वेळी मी तीन महिने कार्ड हातात पडले त्या दिवसापासून मोजले आणि वार्षिक शुल्कही खर्चात धरले. मुदत अर्ज मंजूर झाल्याच्या दिवसापासून सुरू झाली होती, शुल्क खर्चात धरले जात नाही, आणि परत केलेल्या एका कोटाची रक्कमही वजा झाली होती. फोनवरच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात नकार दिला. तेव्हापासून अर्जाच्या दिवशीच मी ऑफरच्या पानाचे चित्र साठवते, शेवटच्या तारखेआधी दोन आठवड्यांची खूण करते आणि लक्ष्यापेक्षा दोनशे डॉलर जास्त खर्च होऊ देते.

बोनस मिळाल्यावर वर्षाच्या आत कार्ड बंद करू नकोस. अमेरिकन एक्सप्रेसच्या अटींत असा बोनस परत घेण्याची मुभा बँकेला आहे. दुसऱ्या वर्षीचे शुल्क लागताच मात्र कार्ड ठेवायचे की त्याच बँकेच्या विनाशुल्क कार्डात बदलून घ्यायचे, हे नव्याने ठरव. खर्चाच्या अटीवर मिळालेला असा बोनस इथे सवलत मानला जातो आणि त्यावर सहसा आयकर लागत नाही, त्यामुळे ती धास्ती नको.

तुझ्या बाबतीत माझा कौल असा: पहिला अर्ज चेसकडे, आणि तोही रिझर्व्हऐवजी त्याच बँकेच्या 95 डॉलर शुल्काच्या सफायर प्रिफर्डचा विचार करून, मग सहा-आठ महिन्यांनी व्हेंचर एक्स, प्लॅटिनम सध्या नको. सफायरचा एक बोनस मिळाल्यावर पुढच्यासाठी किती थांबायचे, ही अट 2018 मध्ये 24 महिन्यांवरून 48 वर गेली आणि 2025 मध्ये पुन्हा बदलली, तेव्हा प्रिफर्ड घेतल्याने पुढे रिझर्व्हच्या बोनसाला बाधा येते का, हे अर्जाच्या दिवशी लागू असलेल्या मजकुरात वाचून घे. त्याआधी तिन्ही संस्थांचे रिपोर्ट मोफत मागवून मागील 24 महिन्यांत उघडलेल्या खात्यांच्या तारखा एका कागदावर लिही आणि तो कागद मला पाठव. भावाचे कार्ड त्यात असेलच. त्याला सांगून तुझे नाव आधी काढून घेता येईल का, ते पाहू.

कळावे.