"आईसमोर बायोप्सी म्हणू नका"

लिव्हरची बायोप्सी (सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून केलेली तपासणी) ठरली की पुष्कळदा रुग्णाआधी नातेवाईकच माझ्याकडे येतात. ही मुलगीही आईला बाहेर बाकावर बसवून एकटी आत आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) "मॅडम, आईसमोर बायोप्सी म्हणू नका, साधी तपासणी आहे असं सांगा. कॅन्सरचं कळलं तर ती हाय खाईल."

खरं तर डॉक्टरांनी कॅन्सरचं नावही काढलं नव्हतं. आईंची पन्नाशी उलटलेली. बरेच महिने थकवा, सांधेदुखी, आणि दर रक्ततपासणीत एसजीओटी, एसजीपीटी ही यकृताची एन्झाइम्स वाढलेली. हिपॅटायटीस बी आणि सी निगेटिव्ह, दारूचा प्रश्नच नाही, सोनोग्राफीत गाठ नाही. काही अँटीबॉडीज मात्र पॉझिटिव्ह होत्या. त्यामुळे डॉक्टरांना ऑटोइम्यून हिपॅटायटीसची शंका होती. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते.

मी मुलीला म्हटलं, ही बायोप्सी कॅन्सर शोधायला नाहीच. यकृताच्या पेशींना इजा होतेय एवढं रक्तातून कळलं. ती कशामुळे होतेय आणि आतापर्यंत किती व्रण धरलेत, हे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. या आजाराला स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात, तीही बहुधा वर्षानुवर्षं. एवढं औषध पोटात जाणार असेल तर निदान आधी पक्कं व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

"मग फायब्रोस्कॅन का नाही? त्यात सुई नसते ना?" तिचा प्रश्न रास्त होता. फायब्रोस्कॅन यकृत किती कडक झालंय ते मोजतो, चरबीचाही अंदाज देतो. फॅटी लिव्हरच्या बऱ्याच रुग्णांची बायोप्सी त्यामुळे टळते. पण हा कडकपणा कशामुळे आला, ते तो सांगत नाही. शिवाय यकृताला सूज जास्त असली तर आकडा फुगलेला येतो.

आणि सुईने गाठ पसरण्याचं काय? यकृताच्या कॅन्सरची गाठ असेल तर सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचा धोका थोडा, पण खरा असतो. म्हणूनच सिरोसिसच्या (यकृत व्रणांनी कडक झालेल्या) रुग्णात गाठ दिसली तर पुष्कळदा कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआयवरच निदान होतं. इथे गाठच नव्हती.

आईंना अंधारात ठेवायला मात्र मी साफ नकार दिला. संमतीपत्रावर सही त्यांची, शरीर त्यांचं. शिवाय यकृत श्वासाबरोबर खाली-वर सरकतं, त्यामुळे सुई आत जाते त्या क्षणी रुग्णाला श्वास रोखून धरावा लागतो. ज्या बाईला काय चाललंय हेच ठाऊक नाही, ती तो कसा धरणार?

आईंना आत बोलावलं. कॅन्सरचं त्यांच्या मनातही नव्हतं! त्यांना वेगळीच धास्ती होती. "लिव्हरचा तुकडा काढणार म्हणे. उरलेल्यावर माझं भागेल का हो?" मी कागदावर दोन सेंटीमीटरची बारीक रेघ ओढून दाखवली. साधारण एवढाच, पेन्सिलीतल्या शिशासारखा धागा निघतो; सगळ्या यकृताचा अंदाजे 50,000वा भाग. रेघेवर बोट ठेवून त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "एवढंच? मग करा."

खुर्चीतच आम्ही सराव केला. श्वास पूर्ण सोडायचा, तिथेच थांबायचं, सांगितलं की घ्यायचा. पहिल्यांदा त्यांनी उलट छाती भरून घेतली. तिसऱ्यांदा जमलं.

धोकेही सांगितले. बरगड्यांमधली जागा बधिर करतात, तरी दाब आणि झटका जाणवतो. नंतर उजवा खांदा दुखू शकतो, कारण यकृताचं आवरण आणि श्वासपटल यांची वेदना तिकडे उमटते. गंभीर रक्तस्राव क्वचित होतो, पण होऊ शकतो. म्हणूनच आधी प्लेटलेट्स आणि आयएनआर (रक्त नीट गोठतं का ते सांगणारी चाचणी) बघतात, सोनोग्राफीत बघून सुई घालतात आणि नंतर काही तास झोपवून नाडी-बीपी तपासत राहतात. रक्त गोठत नसेल किंवा पोटात पाणी असेल तर मानेच्या शिरेतून नमुना घेण्याची सोय असते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, विचारलं. "नाही." तरी पिशवी उघडायला लावली. त्यात सांधेदुखीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी निघाली, फाइलमध्ये नोंद नसलेली. अशा वेदनाशामकांनीही रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. डॉक्टरांना लगेच कळवलं, त्यांनी ती बंद करून तारीख पुढे ढकलली. मुलगी जरा नाराज झाली, पण हे थांबणं गरजेचंच होतं.

बायोप्सीनंतर आईंचा खांदा दुखलाच. पण नर्सनी विचारायच्या आत त्यांनीच मुलीला सांगितलं, "हे होणार होतं, घाबरू नको." घरी जाताना मी पुन्हा बजावलं: पोटात जोरात दुखलं, चक्कर आली, धाप लागली, ताप आला, शौचाला काळी झाली तर सकाळची वाट बघायची नाही. काही दिवस जड उचलायचं नाही.

रिपोर्ट काही दिवसांनी आला. ऑटोइम्यून हिपॅटायटीसच, व्रण सुरुवातीच्या टप्प्यातले. औषधं सुरू झाली, एसजीपीटी हळूहळू उतरू लागलं. परवा त्या आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न तयार होता: औषध बंद करायची वेळ आली तर पुन्हा सुई का? कधीकधी आतली सूज खरंच शमलीय का हे बघायला डॉक्टर सुचवतात, म्हटलं. "मग तेव्हाही मलाच आधी सांगा," त्या मुलीकडे बघत म्हणाल्या.