वाचकांचे प्रश्न : छोटी सेडान नवी घ्यावी की वापरलेली?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला, आणि तेव्हापासून चार मीटरच्या आतील सेडानविषयी विचारणा करणारी पत्रे वाढली आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. शाळेचे जाणे-येणे रोज २६ किलोमीटर, शिवाय वर्षातून दोन-तीन वेळा चिपळूणला माहेरी जाणे होते. आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई असे पाचजण आहोत. हाताशी तीन लाख रुपये आहेत, बाकीचे कर्ज काढावे लागेल. भाऊ म्हणतो, जुनी गाडी अजिबात घेऊ नकोस. सहकारी म्हणतात, नव्या गाडीचे पैसे शोरूमच्या दारातच बुडतात. खालच्या व्हेरियंटची नवी घ्यावी, की चार-पाच वर्षे वापरलेली वरच्या व्हेरियंटची? — एक वाचक, कराड

उत्तर : आपले वर्षाचे एकूण धावणे आठ हजार किलोमीटरच्या आसपास भरेल. इतक्या कमी वापरात इंधनाचा खर्च दुय्यम ठरतो. व्याज आणि गाडीच्या किमतीत दरवर्षी होणारी घट हेच आपले खरे मोठे खर्च आहेत. त्यामुळे ॲव्हरेजच्या आकड्यांवरून निर्णय करू नये.

आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे काही अंशी बरोबर आहे. विमा कंपन्या गाडीची विमा-किंमत ठरवताना जे कोष्टक वापरत आल्या आहेत, त्यात गाडी सहा महिने ते एक वर्षाची झाली की १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घसारा धरला जातो. बाजारात मागणी असलेल्या सेडानला याहून बरा भाव मिळतो, पण घसरणीची दिशा तीच असते. मात्र याच घसरणीचा फायदा जुनी गाडी घेणाऱ्याला पुरेपूर मिळतो, हे गृहीतक कर्ज काढणाऱ्यासाठी खरे ठरत नाही. समजा, नव्या गाडीसाठी आपण सहा लाखांचे कर्ज ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ४७ हजार होते. वापरलेल्या गाडीला बँका चढा दर लावतात. तेथे चार लाखांचेच कर्ज १३ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे ९,१०० रुपये होतो, पण व्याज १ लाख ४६ हजार, म्हणजे जवळजवळ तेवढेच जाते. दोन लाख रुपये कमी उचलूनही व्याजात काहीच वाचत नाही, ही बाब विक्रेते सांगत नाहीत आणि खरेदीदारही विचारत नाहीत. हप्ता हलका व्हावा म्हणून मुदत सात वर्षांची करू नये. त्याच सहा लाखांवर, त्याच ९ टक्के दराने व्याज तेव्हा २ लाख १० हजारांच्या पुढे जाते.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. चार वर्षांपूर्वीच्या वरच्या व्हेरियंटमध्ये आपल्याला मोठा पडदा, अलॉय व्हील, बटणावर सुरू होणारे इंजिन मिळेल, पण एअरबॅग बहुधा दोनच मिळतील. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली नवी डिझायर आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेली नवी अमेझ या दोन्हींच्या अगदी खालच्या व्हेरियंटमध्येही सहा एअरबॅग आहेत, आणि त्या डिझायरला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत पाचपैकी पाच तारे मिळाले आहेत. लहान मुले आणि वयस्क व्यक्ती मागच्या आसनावर बसणार असतील, तर पैसा पडद्यावर खर्च करण्यापेक्षा येथे खर्च करावा. आपण पाचजण असल्यामुळे मागच्या मधल्या आसनालाही खांद्यावरून येणारा पट्टा आहे ना, हे प्रत्यक्ष बसून पाहावे.

म्हणून आपल्या परिस्थितीत मी खालच्या किंवा मधल्या व्हेरियंटच्या नव्या गाडीच्या बाजूने आहे. ओळखीतल्या घरातली, एकाच मालकाने वापरलेली आणि सर्व्हिसिंगचा पूर्ण कागद असलेली गाडी फारसे कर्ज न काढता मिळत असेल, तर मात्र माझे मत बदलेल. तशी गाडी समोर आली तर भाव करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. पूर्वी या वर्गातील पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. कर वगळून पाच लाखांची असलेली गाडी तेव्हा ६ लाख ४५ हजारांना पडत असे, ती आता ५ लाख ९० हजारांना पडते. नव्या गाडीचा भाव उतरला की जुनीचाही उतरला पाहिजे. "आम्हीच इतक्याला घेतली होती" हा विक्रेत्याचा मुद्दा म्हणूनच मान्य करू नये.

नव्या गाडीचा हिशेब एक्स-शोरूम किमतीवर करू नये. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर लागतो, म्हणजे सात लाखांच्या गाडीला ७७ हजार. त्यावर नोंदणी आणि विमा. विम्यात तृतीय पक्षाचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीचे, संरक्षण तीन वर्षांचे एकदम घ्यावे लागते. विमा शोरूममधूनच घेण्याचे बंधन नसते, तेव्हा बाहेरचे दर आधी मागवून ठेवावेत.

शेवटी, टेस्ट ड्राइव्ह एकटीने घेऊ नये. माहेरी जाताना आपल्याला कुंभार्ली घाट लागणार आहे, आणि पाच माणसे व सामान घेतलेली १.२ लिटर इंजिनाची गाडी घाटात कशी ओढते, हे रिकाम्या गाडीत सपाट रस्त्यावर कळत नाही. सगळे कुटुंब बसवून एखाद्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलून पाहावी, आणि गावातल्या उंच गतिरोधकावरून ती खाली घासते का, हेही पाहावे. डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची, १६३ मिलिमीटर, तर अमेझचा १७२ मिलिमीटर आहे. रिकाम्या गाडीत हा फरक जाणवत नाही, पण भरलेल्या गाडीत जाणवतो.

प्रश्न : दुकानाच्या कामासाठी माझे रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर फिरणे होते. सीएनजी सेडान घेतली तर डिकी उरते का? — एक वाचक, लातूर

उत्तर : एवढ्या फिरण्याला सीएनजी योग्य आहे. पेट्रोलच्या अमेझची डिकी ४१६ लिटरची आणि डिझायरची ३८२ लिटरची आहे, परंतु एक मोठी टाकी बसवलेल्या गाडीत यांतली बहुतेक जागा जाते. टाटाच्या टिगोरमध्ये दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवलेल्या असल्यामुळे सामानाला वापरण्याजोगी जागा राहते. दुकानाचा माल न्यायचा असेल, तर आपले नेहमीचे खोके शोरूममध्ये नेऊन ठेवून पाहावे. वापरलेली सीएनजी गाडी घेत असाल, तर आरसीवर इंधन म्हणून पेट्रोल आणि सीएनजी दोन्ही नोंदलेले हवे, आणि टाकीची दर तीन वर्षांनी करावयाची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने घ्यायची चाचणी, झाल्याचे प्रमाणपत्र हवे. बाहेरून किट बसवून आरसीवर नोंद न केलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण अपघातानंतर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवते.

प्रश्न : आमच्या गावात जुलै २०२१ च्या पुरात शेकडो गाड्या बुडाल्या. त्यांपैकी पुष्कळ दुरुस्त होऊन विकल्या गेल्या. मी पाच लाखांपर्यंतची वापरलेली सेडान शोधत आहे. बुडालेली किंवा ठोकलेली गाडी, तसेच आधी टॅक्सी म्हणून चाललेली गाडी ओळखायची कशी? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : पाण्यात गेलेल्या गाडीचा रंग आणि आसनांची कव्हरे नवी करता येतात, जेथे हात पोहोचत नाही तेथे मात्र गाळ राहतोच. प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा, कारण गुंडाळीच्या आतल्या भागात चिखलाची रेघ अनेकदा शिल्लक असते. आसनाखालच्या रुळांवरचा आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवरचा गंज, स्टेपनीच्या खळग्यातली बारीक वाळू, मागच्या दिव्यांच्या आत धरलेली वाफ, काचा बंद ठेवून एसी दहा मिनिटे चालवल्यावर येणारा कुबट वास, या सर्व खुणा एकत्र पाहाव्यात. कोकणातल्या दमट हवेत थोडा गंज प्रत्येक गाडीत सापडेल, त्यामुळे एकट्या गंजावरून निष्कर्ष काढू नये. पुराचे पाणी वायरिंगच्या जोडांमध्ये शिरते आणि त्याचे दोष वर्ष-दोन वर्षांनी, एकेक करून, कारण न सापडता येत राहतात. त्यामुळे संशय पक्का झाला की भाव कमी करून घेण्याचा विचारही करू नये; ती गाडी सोडून द्यावी.

ठोकलेल्या गाडीची परीक्षा पत्र्यावर होते. बॉनेट, दरवाजे आणि डिकी यांच्या बिजागऱ्यांवरील बोल्टच्या कडांचा रंग पान्याने उडालेला असेल, तर तो भाग कधीतरी उतरवला गेला आहे. दरवाजा किंवा फेंडर बदललेला असणे हे क्षम्य आहे. पुढचा ॲप्रन (बॉनेटखालचा, सांगाड्याला जोडलेला पत्रा), चॅसिसचे दांडे आणि छताला धरणारे खांब येथे वेल्डिंग दिसले तर ते क्षम्य नाही. प्रत्येक काचेवर निर्मितीच्या वर्षाची खूण असते, ती आरसीवरील वर्षाशी जुळते का पाहावे. टायरवरील चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. ४० हजार किलोमीटर चालल्याचे सांगितलेल्या गाडीचे चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले असतील, तर मीटरवर विश्वास ठेवू नये.

टॅक्सीचा प्रश्न सेडान घेणाऱ्याला अधिक लागू पडतो, कारण डिझायर, एक्सेंट, ऑरा, झेस्ट यांसारख्या गाड्या ॲपवरील टॅक्सीसाठी मोठ्या संख्येने वापरल्या गेल्या आहेत. पिवळी पाटी काढून खासगी नोंद करून घेतलेली गाडी बेकायदा नसते, पण तीन वर्षांत ती दोन-अडीच लाख किलोमीटर चाललेली असू शकते. पूर्वी कोणता परवाना होता याची चौकशी आरटीओत करावी, आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या क्रमांकावरून सर्व्हिसिंगचा इतिहास मालकासमक्ष मागावा. मालक यासाठी सोबत यायला तयार नसेल, तर इसार देऊ नये.

गाडीचे वय ठरवताना दोन तारखा उपयोगी पडतील. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि २०२१ च्या अखेरीपासून चालकाशेजारच्या आसनालाही एअरबॅग सक्तीची झाली. आपल्या रकमेत २०२२ नंतरची गाडी मिळत असेल, तर २०१८ च्या अधिक सजलेल्या गाडीपेक्षा तीच घ्यावी.

प्रश्न : दिल्ली पासिंगची २०१६ ची सेडान येथल्यापेक्षा दीड लाखाने स्वस्त मिळते आहे. घ्यावी का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांमुळे निर्बंध आले, पुढे त्यांत फेरबदल होत राहिले, परंतु अनिश्चिततेमुळे तेथील मालक गाडी स्वस्तात काढतात. कमी भावाचे कारण एवढेच असेल तर त्यात गैर नाही. पण दीड लाखातून पुढील गोष्टी वजा कराव्या लागतील. मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, मिळवणे. महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार नव्याने भरणे. आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी येथे ठेवायची म्हणून नवा एमएच क्रमांक घेणे. गाडी डिझेल असेल आणि पंधरा वर्षांची नोंदणी संपायला थोडीच वर्षे उरली असतील, तर पुढे विकताना आपल्याला गिऱ्हाईक मिळणे कठीण जाईल. ना-हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, एवढी अट विक्रेत्याला मान्य नसेल तर व्यवहार करू नये.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझी सेडान एका एजंटामार्फत विकली. टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी हस्तांतरणाच्या नमुना २९ आणि ३० वर, सह्या करून दिल्या होत्या. अजूनही वेगमर्यादा ओलांडल्याची चलने माझ्या मोबाइलवर येतात. माझी जबाबदारी संपली नाही का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : संपलेली नाही, आणि चलने हा यातला लहान भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात असे ठरवले की अपघाताच्या दिवशी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव असेल, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी मध्ये कितीजणांच्या हातांतून गेली, याने त्याची भरपाईची जबाबदारी सुटत नाही. उद्या त्या गाडीने कोणाला जखमी केले आणि विमा संपलेला असेल, तर नोटीस आपल्या दारी येईल.

मोटार वाहन कायद्यानुसार गाडी त्याच राज्यात विकल्यास विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. कोऱ्या नमुना २९ आणि ३० वर सह्या करून ते एजंटाच्या हवाली करणे म्हणजे ही जबाबदारी अनोळखी माणसाच्या मर्जीवर सोडणे होय. एजंट पुढचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत कागद मुद्दाम कोरे ठेवतो, म्हणजे मधल्या हस्तांतरणाचा खर्च वाचतो.

आपण आता पुढीलप्रमाणे करावे. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीची सद्यस्थिती, विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा तपासावा. एजंटाला आणि माहीत असल्यास गाडी घेणाऱ्याला, विक्रीची तारीख व मिळालेल्या रकमेचा तपशील देऊन, नोंदणीकृत डाकेने नोटीस पाठवावी. त्याच मजकुराची प्रत आपल्या आरटीओला आणि स्थानिक पोलिस ठाण्याला देऊन पोच घ्यावी. बँकेत पैसे आल्याची नोंद, ताबा पावती आणि एजंटाशी झालेले संदेश सोबत जोडावेत. चलनांमध्ये ठिकाण व वेळ असते. त्यावरून गाडी सध्या कोणत्या भागात फिरते, हे कळते आणि पोलिसांना ती शोधणे सोपे जाते.

हे पत्र वाचून जे आता गाडी विकणार आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचे अधिकारपत्र घेण्याची तरतूद लागू आहे, आणि अशा अधिकृत विक्रेत्याला गाडी देताना नमुना २९-सी ऑनलाइन भरला की गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंतची जबाबदारी त्याच्याकडे जाते. तो नमुना भरल्याची पोच घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये. विम्यावरील नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हा गाडीचा नसून मालकाचा असतो, तेव्हा तो आपल्या नव्या गाडीसाठी राखून घ्यावा. आणि घेणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज करावा, कारण तृतीय पक्षाचे संरक्षण आपोआप त्याच्याकडे येत असले, तरी त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा दुसऱ्याच्या नावावर असताना मंजूर होत नाही.