ऑपरेशनच्या तारखेआधी एक तपासणी

प्रश्न : बायकोच्या (वय 42) थायरॉइडमध्ये 2 सेंमीची गाठ आहे. सुईच्या तपासणीत ‘मेड्युलरी कार्सिनोमा’ (थायरॉइडचा एक कॅन्सर) आला. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. तिला अधूनमधून दरदरून घाम येतो, बीपी वाढतं. सगळे म्हणतात, टेन्शन असेल. नंतर आयोडीनचा डोस लागेल का? मुलं 9 आणि 14 वर्षांची आहेत. – एक वाचक, सांगली

उत्तर : आयोडीनचं नंतर, आधी तो घाम. या कॅन्सरच्या आनुवंशिक प्रकारात मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा ही बीपी चढवणारी, घाम आणणारी गाठ असू शकते. ती लक्षात न येता भूल दिली, तर टेबलावरच बीपी भडकून जीव धोक्यात येतो. म्हणून रक्तातलं किंवा 24 तासांच्या लघवीतलं मेटानेफ्रिन (त्या गाठीच्या हार्मोनपासून बनणारा पदार्थ) तपासून घ्या. गाठ निघाली तर आधी ती काढतात, तीही 1 ते 2 आठवडे अल्फा ब्लॉकर हे बीपीचं औषध देऊन. बीटा ब्लॉकर हे दुसरं औषध त्याआधी सुरू केला तर बीपी उलट चढतं. यात तारीख थोडी पुढे गेली तरी बिघडत नाही.

सोबत कॅल्सिटोनिन आणि सीईए (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारे दोन पदार्थ), कॅल्शियम आणि मानेची सोनोग्राफी हवी. कॅल्सिटोनिनचं रक्त बर्फात ठेवून लगेच लॅबला जावं लागतं, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांनी तो वाढतो. कॅल्सिटोनिन मिलिलिटरला 500 पिकोग्रॅमच्या वर असेल तर छाती आणि लिव्हरचं स्कॅनिंगही करतात. ऑपरेशनमध्ये सहसा पूर्ण थायरॉइड आणि मानेच्या मधल्या भागातल्या लसीका ग्रंथी काढतात.

आयोडीनचा डोस नको. हा कॅन्सर थायरॉइडमधल्या, कॅल्सिटोनिन बनवणाऱ्या सी पेशींचा. त्या आयोडीन शोषतच नाहीत. थायरॉक्सिनची गोळी मात्र कायमची, आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारा हार्मोन) नॉर्मल ठेवायचा, दाबून टाकायचा नाही. ऑपरेशननंतर ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या तर कॅल्शियम उतरलंय, लगेच कळवा.

मुलांचं काय? घरात कुणाला नसलं तरी बायकोची आरईटी जीनची (यातल्या दोषाने आनुवंशिक प्रकार होतो) रक्ततपासणी कराच. सुमारे चौथा हिस्सा रुग्णांत दोष आनुवंशिक असतो. तिच्यात तो नसला तर मुलांना सहसा तपासायला नको. असला तर प्रत्येक मुलाला 50 टक्के शक्यता, आणि दोष कुठला यावर थायरॉइड कधी काढायचा ते ठरतं. जीनच्या 634 क्रमांकाच्या जागी दोष असेल तर थायरॉइड साधारण पाचव्या वर्षापर्यंत काढतात, म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांच्या बाबतीत वेळ आधीच उलटलेली असेल.

तीन महिन्यांनी पुन्हा कॅल्सिटोनिन करा, त्याच लॅबमध्ये.