मास्क सोसत नाही, मग दातांवरची प्लेट चालेल का?

प्रश्न : माझे यजमान 52 वर्षांचे आहेत. त्यांना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार आहे. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या तपासणीत, त्यांचा एएचआय (तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा) 22 आला आणि डॉक्टरांनी सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र, लावायला सांगितलं. पहिले पंधरा दिवस त्यांनी नेटाने लावलं. मग झोपेतच मास्क ओढून काढू लागले. जीव गुदमरतो म्हणतात. दोन महिने झाले, मशीन कपाटात पडून आहे आणि मी रात्री त्यांचा श्वास ऐकत जागी असते. दातांवर बसवायच्या प्लेटनेही हा आजार आटोक्यात येतो असं कळलं. हे खरं आहे, की नुसती मनाची समजूत?

उत्तर : ताई, रात्रभर श्वास ऐकत जागणं काय असतं, ते माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांकडून ऐकलं आहे. घोरण्याच्या आवाजाची त्यांना सवय झालेली असते. तो मध्येच बंद पडला की मात्र दचकून जाग येते. त्यामुळे तुमचा प्रश्न मी दोघांचा समजते.

प्लेट ही मनाची समजूत नाही, उपचारच आहे. तासाला 5 ते 15 वेळा श्वास अडत असेल तर आजार सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि त्यापुढे तीव्र धरतात. तुमचे यजमान मध्यम गटात येतात, आणि सौम्य-मध्यम आजारात प्लेटचा चांगला उपयोग होतो. आकडे खाली आणण्यात सीपॅप सरस आहे, यात वाद नाही. पण कपाटातल्या मशीनने कोणाचाच आकडा खाली येत नाही, आणि प्लेट लोक रात्रभर तोंडात ठेवतात. अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी 2015 मध्ये एकत्र दिलेल्या मार्गदर्शक सूचनाही, सीपॅप सोसत नसेल किंवा नकोच असेल तर प्लेटचा विचार करा, असंच सांगतात.

ती काय करते हे स्वतःवरच पाहा. तोंडाने घोरल्यासारखा आवाज काढा. आता खालचा जबडा पुढे काढून, खालचे दात वरच्या दातांपुढे आणून तोच आवाज काढून बघा. बहुतेकांना जमत नाही. जीभ खालच्या जबड्याला आतून जोडलेली असते. जबडा पुढे आला की तीही पुढे येते आणि घशातली वाट मोकळी होते. प्लेट जबड्याला रात्रभर तसं धरून ठेवते, एवढंच.

दातांची मापं घेऊन वरचा आणि खालचा असे दोन साचे बनवतात. अनेक प्रकारांत बाजूला बारीक स्क्रू असतात. जबडा जास्तीत जास्त जेवढा पुढे येतो, त्याच्या साधारण निम्म्यावर किंवा थोडं पुढे सुरुवात करायची आणि मग काही आठवडे, मिलिमीटरच्या अंशाने, सरकवत न्यायचं. इथे घाई केली की जबड्याचा सांधा दुखतो आणि माणूस प्लेटही कपाटात टाकतो. सुरुवातीला लाळ गळते, नाहीतर तोंड कोरडं पडतं. सकाळी दाढा एकमेकींवर नीट बसत नाहीत. त्यासाठी काही मिनिटांचा व्यायाम शिकवतात. वर्षानुवर्षं वापरल्यावर काही जणांचे दात थोडे सरकतात आणि चावा कायमचा बदलतो. हे मी माप घेण्याआधीच सांगते, कारण नंतर सांगणं ही फसवणूक होईल.

आता मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे ते. ही कामं नुकती सुरू केली तेव्हा एका गृहस्थांना मी प्लेट करून दिली. आठवड्याभरात त्यांच्या पत्नीने आनंदाने कळवलं, घोरणं पार थांबलं. मीही खूश झाले आणि फेरतपासणीचा आग्रह धरला नाही. काही महिन्यांनी ते म्हणाले, दुपारी डोळे मिटतातच. प्लेट तोंडात ठेवून स्लीप स्टडी केली, तर श्वास तासाला 18 वेळा अडत होता आणि रक्तातला ऑक्सिजन तसाच खाली जात होता. आवाज गेला होता, आजार नव्हता. स्क्रू आणखी पुढे नेल्यावर आकडा 7 वर आला, पण मधले महिने मी त्यांचे वाया घालवले. तेव्हापासून प्लेट घातलेल्या अवस्थेतली तपासणी झाल्याशिवाय मी कोणालाही ‘बरं झालं’ म्हणत नाही. तुम्हीही शांततेवर विसंबू नका.

म्हणून आधी झोपेच्या डॉक्टरांकडे जा. कदाचित मास्कचा आकार बदलून किंवा हवेचा दाब जुळवूनही काम भागेल. अडथळा घशातलाच आहे, मेंदूकडून श्वासाचा इशाराच थांबत नाही ना, हेही ते पाहतील. त्या दुसऱ्या प्रकारात प्लेटचा उपयोग नसतो. मग त्यांच्या चिठ्ठीसह या कामाचा अनुभव असलेल्या दंतवैद्याकडे. हलणारे दात, सुजलेल्या हिरड्या, दुखणारा सांधा असेल तर आधी त्यावर इलाज. गरम पाण्यात मऊ करून चावायची तयार प्लेट मात्र घेऊ नका. ती सैल बसते, आणि तिच्यात जबडा नेमका किती पुढे न्यायचा हे ठरवता येत नाही.

आणि मशीन कोणाला देऊन टाकू नका. प्लेटवरची तपासणी चांगली येईपर्यंत ते घरात असू द्या.

प्रश्न : माझं वय 70, दोन्ही कवळ्या आहेत. मला ही प्लेट बसेल का?

उत्तर : आजोबा, ही प्लेट दातांना धरून जबडा ओढते. कवळीवर तो ताण दिला तर कवळीच सुटून येईल. तुमच्यासाठी जबड्याऐवजी फक्त जीभ पुढे धरून ठेवणारं मऊ साधन असतं. सवय व्हायला ते अवघड आहे, हे आधीच सांगते. तुम्ही सीपॅप अजून वापरून पाहिलं नसेल, तर माझ्या मते तिथूनच सुरुवात करा.