पेटी देवगडची, आंबा धारवाडचा

गल्ल्यामागून : वाचकांच्या प्रश्नांना ठाण्याच्या एका निवृत्त किराणा दुकानदाराची उत्तरं

प्रश्न : काका, मी देवगड तालुक्यातला, वय २४. बी.कॉम. झाल्यावर आईच्या मामेभावाने तुर्भ्याच्या फळबाजारात स्वतःच्या गाळ्यावर मेहताजी म्हणून लावून घेतलं. पगार १८,०००. कोपरखैरण्यात चौघांत एक खोली. एप्रिलमध्ये कर्नाटकचे क्रेट येतात. त्यातले कानडी पेपर काढायचे, तेच आंबे पेंढा आणि मराठी पेपर घालून देवगडच्या पेटीत लावायचे, आणि किरकोळ गिऱ्हाईक आलं की 'आमच्या घरचीच बाग' म्हणायचं, हे माझं काम. माझी बोली ऐकून माणसं विश्वास ठेवतात ना! गेल्या महिन्यात बाबा आमच्या ६० पेट्या घेऊन टेम्पोबरोबर आले. गाळ्यावरची एक पेटी उघडून वास घेतला आणि म्हणाले, "झिला, ह्यो आंबो खयचो रे?" मी म्हटलं, "आपल्याकडलोच." ते पुढे काही बोलले नाहीत. मामा म्हणतो, सगळेच करतात. डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे, त्यासाठी मामानेच ३ लाख उसने दिलेत. नोकरी सोडू का?
– एक मेहताजी, कोपरखैरणे

उत्तर : लगेच सोडू नकोस. ३ लाख डोक्यावर घेऊन रागाच्या भरात गाळा सोडलास, तर जून महिन्यात दुसऱ्या कुणाच्या गाळ्यावर याहून वाईट काम पत्करशील.

आता माझं ऐक. जांभळी नाक्याजवळ आमचं वडिलोपार्जित दुकान. १९९४ च्या सुमाराला मुळशीकडचा आंबेमोहर मिळेनासा झाला. त्या भाताचं रोप उंच, वाऱ्यापावसात लोळतं, उतारा कमी. शेतकरी तरी किती दिवस लावणार? घाऊकवाल्याने आंध्रचा बारीक तांदूळ दाखवला आणि म्हणाला, पाटी तीच राहू द्या. मी राहू दिली. तीन वर्षं. एका सकाळी नौपाड्यातल्या एक आजी शिजवलेल्या भाताचा डबा घेऊन आल्या, झाकण उघडून गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "वास घ्या." मी घेतला. कसला मोहर आणि कसलं काय! तरी म्हटलं, "यंदा पीकच असं आलंय, आजी." पैसे मागितले नाहीत त्यांनी. डबा बंद केला आणि गेल्या. त्यांच्या घरची उधारीची वही माझ्या वडिलांच्या अक्षरात सुरू झालेली होती. तिच्यात पुढे एकही नोंद झाली नाही.

'सगळेच करतात' हे त्या तीन वर्षांत मीही रोज म्हणायचो, त्यामुळे तुझ्या मामाला मी काय बोलू?

पुढच्याच आठवड्यात मी पाटी बदलली : 'बारीक तांदूळ, आंध्र'. खप निम्म्यावर आला आणि पुन्हा कधी पूर्ण वर गेला नाही. हे मुद्दाम सांगतोय. खरं बोललो आणि धंदा दुप्पट झाला, असं सांगणारे बहुतेक जण धंदा सोडून व्याख्यानं देत असतात.

तुझ्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. बाबांच्या ६० पेट्यांची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशोब, कुणी लिहिली? तूच ना? त्या पट्टीतला भाव पाडायला शेजारची ती पेटीही होती, तुझ्याच हाताने लावलेली. मामाला दोन्हीकडून मिळतं. तुझ्या घराचं मात्र एका खिशातून जातं आणि त्यातलंच थोडं पगार म्हणून दुसऱ्या खिशात येतं.

कायद्याचं थोडक्यात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं. (ठाणेकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) खोटं मानांकन लावल्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. खाण्याच्या जिनसेवर चुकीचं लेबल लावल्यास अन्नसुरक्षा कायद्यात ३ लाखांपर्यंत दंड आहे. उद्या कुणी तक्रार केली तर बिलावर अक्षर कुणाचं असेल, याचा विचार कर.

कर्नाटकचा आंबा काही विष नाही. साल जाड, आतून पिवळा, स्वस्त. आमरसाला तो घेणारी माणसं वाशीत भरपूर आहेत. त्याची रास वेगळी लाव, वर 'कर्नाटक आंबा' लिही. मामाशी बोलायचं ते दुपारी, बाजार ओसरल्यावर, हमाल आणि शेजारचे गाळेवाले आसपास नसताना. साधं सांग : "मामा, पट्ट्या लिहीन, वसुलीला जाईन, रात्रीची गाडी उतरवून घेईन. पेटी बदलणार नाही आणि घरची बाग म्हणणार नाही." तो चिडेल. उसन्या पैशांचा विषय काढेल. तेव्हा हिशोबाचा कागद पुढे कर : महिना ५,००० म्हणजे ६० महिने. पाच वर्षं, जड आहे. पण उसन्याचा आकडा कागदावर आला नाही की त्याचा उपकार होतो आणि तो फिटता फिटत नाही. तरीही ऐकला नाही, तर हंगाम संपल्यावर शेजारच्या दाणा बाजारात, मसाला बाजारात विचारत फिर. हिशोब लिहिणारा, लवकर उठणारा पोरगा तिथे लागतो.

अजून एक. देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळाफळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर आणला आहे. बाबा त्यात आहेत का विचार. नसतील तर पुढच्या हंगामाआधी त्यात सामील व्हा म्हणावं. मग त्यांच्याच पेट्या गाळ्यावर मांड आणि खुशाल सांग, आमच्या घरचीच बाग. तुझ्या बोलीचा उपयोग तिथे कर.

मात्र हे सगळं मामाशी बोलण्याआधी बाबा. फोनवर नको. या हंगामातला शेवटचा माल घेऊन ते येतील, तेव्हा त्यांना गाळ्याच्या मागे ने, रिकामे क्रेट आणि कानडी पेपरांचा ढीग दाखव आणि एवढंच म्हण, "बाबा, तो कर्नाटकचो होतो." कलमांखाली जन्म काढलेला माणूस तो. मला वाटतं, ते म्हणतील, "माका म्हायत होता."