घरातली झाडं मातीऐवजी लेकाच्या (LECA, भाजलेल्या चिकणमातीच्या) गोळ्यांत लावावीत का?

दर पावसाळ्यात मॉन्स्टेराची मुळं कुजतात, म्हणून घरातली सगळी झाडं मातीतून काढून लेकामध्ये लावू का, असं तुम्ही विचारलंय. जरूर लावा, पण सगळी एकदम नको आणि मोठ्या मॉन्स्टेरापासून सुरुवात तर मुळीच नको.

मुळं कुजतात ती बहुतेक वेळा हवा न मिळाल्यामुळे. कुंडीतली माती दबून घट्ट होते, त्यात पाणी साचलं की हवेला जागाच उरत नाही. लेका म्हणजे साधारण 1200 अंशांवर भट्टीत फुगवून भाजलेल्या चिकणमातीच्या हलक्या गोळ्या. त्यांच्यामधल्या फटींत हवा खेळती राहते आणि तळाचं पाणी गोळ्यांतून वर चढत जातं. काचेच्या बरणीत हे स्पष्ट दिसतं: खाली गडद ओल्या गोळ्या, वर फिक्या कोरड्या. पाणी तळच्या एक तृतीयांश भागापुरतंच ठेवा आणि लावताना मुळं त्याच्या वर राहू द्या. पुढे ती आपणहून पाण्यात उतरली तर काळजी नको, ती मुळं पाण्यातच वाढलेली असतात. मातीत वाढलेल्या मुळांना हा बदल सोसत नाही, जुनी मुळं बरीचशी मरतात. म्हणून मॉन्स्टेराचा एखादा डोळा (पान फुटतं ती गाठ) असलेला तुकडा किंवा मनी प्लांटची फांदी आधी पाण्यात ठेवा, दोन-तीन इंच मुळं फुटली की गोळ्यांत लावा. मूळ झाड मातीतच ठेवा, फक्त मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (पांढरे हलके खडे) मिसळून ती भुसभुशीत करा.

नव्या गोळ्या लाल गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा आणि रात्रभर भिजवा. ते पाणी बेसिनमध्ये ओतू नका, गाळ पाइपात बसतो.

बहुतेक जण अडखळतात ते खतापाशी. गोळ्यांत अन्न काहीच नसतं, नुसत्या पाण्यावर पानं हळूहळू पिवळी पडतात. दुकानात सहज मिळणारं 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 19 टक्के) इथे फारसं उपयोगाचं नाही. त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो आणि तो झाडाला घेता येईल असा करायला मातीतले जिवाणू लागतात. शिवाय त्यात कॅल्शियमही नसतं. हायड्रोपोनिक्सचं (मातीविना लागवडीचं) खत घ्या आणि सांगितलेल्या मात्रेच्या पाव भागापासून सुरुवात करा. बोअरचं पाणी असेल तर वरच्या गोळ्यांवर पांढरा थर चढतो. ते क्षार असतात. महिन्यातून एकदा भांडं नळाखाली धरून भरपूर पाणी वाहू द्या, पाणी फारच जड असेल तर पावसाचं साठवून वापरा.

आणि डासांचं भान ठेवा. एक भांडं दुसऱ्या कुंडीत ठेवलं असेल आणि दोन्हींच्या मधल्या फटीत पाणी उघडं राहिलं तर डेंग्यूचे डास तिथे अंडी घालतात. दर आठवड्याला ते पाणी पूर्ण ओतून टाका, फट असेल तिथेही गोळ्या भरा.